सफाईच्या सॉफ्टवेअरनंतर संगणक सुरू होत नाही : रिस्टोर, रिसेट की फॉरमॅट?

सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या कार्यालयातून मला बोलावणे आले. संगणक मंद चालतो म्हणून तिथल्या हिशेबनिसांनी आदल्या संध्याकाळी एक फुकटचे सफाई सॉफ्टवेअर चालवले होते आणि त्यात दिसतील तेवढ्या सगळ्या चौकटींवर खूण करून ‘फिक्स ऑल’ दाबले होते. सकाळी पडद्यावर विंडोजचे चिन्ह यायचे, त्याखाली ठिपक्यांचे कडे फिरत राहायचे आणि थोड्या वेळाने निळा पडदा येऊन यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचे. २० तारखेपर्यंत जीएसटीचे ३बी विवरणपत्र भरायचे होते आणि महिन्याची सगळी विक्री त्याच संगणकातल्या टॅलीत होती. ‘फॉरमॅट मारा, तासाभरात मोकळे व्हाल,’ असा सल्ला शेजारच्या गाळ्यातून येऊन पोहोचलाही होता.

हा आढावा अशाच वेळी निर्णय घ्यायला बसलेल्या माणसासाठी आहे. वाटा पाच-सहा आहेत. प्रत्येक वाट चुकली तर काय गमवावे लागते आणि त्यानंतर दुसरी वाट उरते का, यावर त्यांची निवड करावी असे माझे मत आहे. फॉरमॅट सर्वांत सोपा वाटतो. पण त्यानंतर मागे फिरता येत नाही.

आधी संगणक कुठे अडतो ते पाहावे. बटण दाबल्यावर दिवा लागत नसेल किंवा पंखा फिरत नसेल, तर दोष सफाई सॉफ्टवेअरचा नसून बहुधा वीजपुरवठ्याचा आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात धुळीने भरलेला पॉवर सप्लाय नेमका त्याच दिवशी जाणे हा निव्वळ योगायोग असू शकतो. कंपनीचे चिन्ह येऊन ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असा संदेश येत असेल, तर बहुधा डिस्क किंवा तिच्यावरचा सुरुवातीचा भाग बिघडला आहे. विंडोजचे चिन्ह येऊन पुढे सरकत नसेल किंवा निळा पडदा येत असेल, तर बहुधा एखादा ड्रायव्हर (यंत्राचा एखादा भाग चालवणारा छोटा प्रोग्राम), एखादी सेवा (विंडोजमागे सतत चालणारा प्रोग्राम) किंवा रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) बिघडली आहे, आणि पुढची तुलना मुख्यतः याच स्थितीसाठी आहे. निळ्या पडद्यावरच्या संकेताचा मोबाइलवर फोटो घेऊन ठेवावा. ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असे आले, तर त्या सॉफ्टवेअरने डिस्कच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर बदलला असण्याची शक्यता सर्वांत आधी तपासावी.

त्याबरोबरच सॉफ्टवेअरने नेमके काय केले हे आठवणे फार उपयोगाचे असते. तात्पुरत्या फाइल्स पुसल्याने संगणक बंद पडणे दुर्मीळ आहे. नुकसान होते ते रजिस्ट्रीची ‘दुरुस्ती’, ड्रायव्हरचे घाऊक अद्ययावतीकरण, सुरुवातीच्या सेवा बंद करणे आणि डिस्कचे विभाग कमी-जास्त करणे या चार कामांमुळे.

दुरुस्तीच्या पडद्यापर्यंत पोहोचण्यासाठी विंडोज १० आणि ११ मध्ये जुने एफ-८ बटण कामाचे नाही. विंडोज ८ पासून ते मुळातच बंद ठेवलेले असते. संगणक सुरू होत असताना पॉवरचे बटण सुमारे १० सेकंद दाबून धरावे आणि तो बंद करावा. असे लागोपाठ दोन-तीन वेळा झाले की विंडोज स्वतःहून दुरुस्तीच्या पडद्यावर जाते. इथे काही यंत्रे, विशेषतः नवे लॅपटॉप, बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीची, ४८ अंकी किल्ली मागतात. ती बहुतेकदा आपल्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते आणि मोबाइलवरून पाहता येते. किल्ली मिळाल्याशिवाय पुढे काहीही करू नये, कारण तिच्याशिवाय डिस्कवरचे काहीच वाचता येत नाही.

त्या पडद्यावरचा ‘स्टार्टअप रिपेअर’ एकदा चालवून पाहावा. त्यात धोका नाही, पण रजिस्ट्री किंवा ड्रायव्हर बिघडला असेल तर त्याचा फारसा उपयोगही होत नाही. दोनदा अपयश आल्यावर तिसऱ्यांदा चालवण्यात वेळ घालवू नये.

खरी निवड सेफ मोड आणि सिस्टिम रिस्टोर यांच्यात आहे. सेफ मोड ही सर्वांत कमी धोक्याची वाट होय. ‘स्टार्टअप सेटिंग्ज’मध्ये जाऊन ४ हा आकडा दाबला की विंडोज मोजक्याच ड्रायव्हरवर उठते, आणि ती उठली याचा अर्थ बहुधा असा की बिघाड नंतर बसवलेल्या किंवा बदललेल्या कशात तरी आहे. तिथे सफाई सॉफ्टवेअर उघडून त्याने घेतलेला स्वतःचा बॅकअप परत लावता येतो, डिव्हाइस मॅनेजरमधून ‘रोल बॅक ड्रायव्हर’ करता येते आणि बंद झालेल्या सेवा पुन्हा चालू करता येतात. फक्त कोणता बदल नडला हे ठाऊक असावे लागते. ज्यांनी ‘फिक्स ऑल’ दाबले आहे त्यांना ते सहसा ठाऊक नसते, आणि मग एकेक सेवा तपासत दुपार निघून जाते.

सिस्टिम रिस्टोर अशा वेळी सरस ठरते. ती रजिस्ट्री, ड्रायव्हर आणि विंडोजच्या फाइल्स एका जुन्या तारखेच्या स्थितीत नेऊन ठेवते. टॅलीतील नोंदी, पत्रे, फोटो यांना हात लावत नाही. त्या तारखेनंतर बसवलेले प्रोग्राम मात्र जातात, ते पुन्हा बसवावे लागतात. तिची मोठी अडचण अशी की रिस्टोर पॉइंट, म्हणजे विंडोजने आधी जपून ठेवलेली जुनी स्थिती, असावा लागतो, आणि अनेक संगणकांवर हे संरक्षण बंदच असते. पूर्वी विंडोज रजिस्ट्रीची एक प्रत स्वतःहून ‘रेगबॅक’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवत असे. विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून ती सोय बंद झाली आहे, त्यामुळे जुन्या व्हिडिओंत दाखवलेला तो उपाय केला तर तिथे शून्य आकाराच्या फाइल्स सापडतात. रिस्टोर एकदा सुरू झाली की ती मध्ये थांबवता येत नाही. वीज गेली तर होते त्यापेक्षा वाईट होते. म्हणून डेस्कटॉपला यूपीएस असावा आणि त्याची बॅटरी खरोखर टिकते का हे आधी पाहावे. लॅपटॉप चार्जरला लावूनच काम सुरू करावे.

टॉवेल कारखान्यात आम्ही हीच वाट घेतली. यादीत तीन दिवसांपूर्वीचा एक पॉइंट दिसला. यंत्रमागाच्या खडखडाटात आम्ही दोघे पडद्याकडे पाहत बसलो होतो. ‘रजिस्ट्री पूर्ववत होत आहे’ या अर्थाच्या ओळीवर ते इतका वेळ थांबले की हिशेबनिसांचा हात दोनदा बटणाकडे गेला. पाऊण तासाने लॉगिनचा पडदा आला, टॅली उघडली आणि आदल्या संध्याकाळी नोंदवलेले शेवटचे बिलही जागेवर होते.

पॉइंटच नसेल, तर त्यापुढच्या कोणत्याही वाटेने जाण्याआधी डेटा बाहेर काढावा. त्यासाठी एक साधी युक्ती आहे. दुरुस्तीच्या पडद्यावरून कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करण्याची काळी खिडकी) उघडून ‘नोटपॅड’ असे इंग्रजीत टाइप करावे, ‘फाइल’मधून ‘ओपन’ निवडावे आणि खालच्या रकान्यात ‘ऑल फाइल्स’ करावे. त्या छोट्या खिडकीतून फोल्डर कॉपी करून पेनड्राइव्हवर चिकटवता येतात. इथे ड्राइव्हची अक्षरे बदललेली असू शकतात. नेहमीचा सी हा डी म्हणून दिसला तर घाबरू नये. डेटा मोठा असेल तर दुसऱ्या संगणकावर उबुंटू या विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट प्रणालीचा पेनड्राइव्ह तयार करून, ती डिस्कवर न बसवता नुसती चालवून, कॉपी करणे सोयीचे पडते. टॅलीप्राइमचा डेटा बहुधा ‘युजर्स’मधल्या ‘पब्लिक’ फोल्डरखाली असतो, पण तो प्रत्यक्ष पाहून खात्री करावी.

विंडोजचा सुरुवातीचा भाग दुरुस्त करण्यासाठी इंटरनेटवर सांगितल्या जाणाऱ्या ‘बूटरेक’च्या तीन-चार आज्ञा सरसकट चालवू नयेत. यूईएफआय पद्धतीच्या नव्या यंत्रांवर त्यांतल्या एकीचा उपयोगच नसतो आणि दुसरी पुष्कळदा ‘प्रवेश नाकारला’ म्हणते. डिस्कचे विभाग बदलणारे साधन वापरले असेल तरच सुरुवातीच्या फाइल्स नव्याने लिहिण्याचा विचार करावा, आणि तेव्हाही ‘बीसीडीबूट’ ही आज्ञा अधिक योग्य आहे.

आता रिसेट आणि फॉरमॅट. ‘रिसेट धिस पीसी’मध्ये ‘कीप माय फाइल्स’ निवडले तर वैयक्तिक फाइल्स राहतात, परंतु बाहेरून बसवलेले सगळे प्रोग्राम जातात. हे वाक्य वाचताना जेवढे साधे वाटते तेवढे ते नाही. टॅली पुन्हा बसवून परवाना पुन्हा चालू करून घ्यावा लागतो. प्रिंटरचे आणि डिजिटल सहीच्या टोकनचे ड्रायव्हर पुन्हा शोधावे लागतात. लग्नपत्रिका आणि बिलबुके छापणाऱ्या डीटीपी केंद्रात श्रीलिपीसारखा प्रोग्राम आणि त्याचे जुने फॉन्ट गेले, तर वर्षानुवर्षांच्या फाइल्स असूनही त्यांतला मजकूर वाचता येत नाही. डेटा प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये ठेवण्याची जुनी सवय काही ठिकाणी अजून आहे. तिथे प्रोग्रामबरोबर डेटाही जाण्याची भीती असते. रिसेट करताना क्लाउडवरून विंडोज घेण्याचा पर्याय निवडला, तर सुमारे ४ जीबी डाउनलोड होते.

फॉरमॅट करून नव्याने विंडोज टाकणे मी दोनच परिस्थितींत आधी सुचवीन : डेटाची प्रत हातात आहे आणि रिसेटही अपयशी ठरला आहे, किंवा संगणक अजून विंडोज १० वर आहे आणि यंत्र विंडोज ११ पेलू शकते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, त्यामुळे तीच आवृत्ती पुन्हा टाकण्याचे श्रम करण्यापूर्वी विचार करावा. यासाठी किमान ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह लागतो.

दुरुस्तीच्या दुकानात संगणक नेणे यात कमीपणा काहीच नाही. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर स्वतः काहीही न करता लगेच बंद करून न्यावा. एरवी नवी पेठेत किंवा सात रस्त्याला काउंटरवर सीपीयू ठेवताना ‘चालू करून द्या’ एवढेच सांगितले, तर कारागीर त्याच्या दृष्टीने सर्वांत खात्रीची वाट घेतो, आणि ती फॉरमॅटची असते. म्हणून पावतीवरच तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : डेटा हवा आहे, आधी रिस्टोर पाहावे, आणि फॉरमॅट करण्यापूर्वी फोन करावा. टॅलीचे फोल्डर कोणते, श्रीलिपी आहे का, बिटलॉकरची किल्ली कोणती, हे वेगळ्या कागदावर लिहून सोबत द्यावे.