सिगरेटवरून व्हेपवर येताना: साधा पॉड घ्यावा की मोठं टाकीवालं किट?

व्हेपबद्दल, म्हणजे ई-सिगरेटबद्दल, वाचायला बसलं की थोड्याच वेळात डोकं गरगरायला लागतं. ओहम, वॉट, एमटीएल, डीएल, सॉल्ट, फ्रीबेस, ५०/५०, ७०/३०, मेश कॉइल, एअरफ्लो... आणि हे सगळं कोणी समजून घ्यायचं, तर ज्याला इतकी वर्षं पाकिटातून एक काढायची आणि पेटवायची एवढंच करावं लागत होतं, आणि ज्याला हे वाचतानाच तलफ येतीये. बरेच जण इथेच वैतागतात आणि "जाऊदे, नंतर बघू" म्हणून परत सिगरेटच पेटवतात, मला त्याचं खरंच वाईट वाटतं. म्हणून बाकीचं सगळं बाजूला ठेवून फक्त एका प्रश्नावर लिहितोय, कारण तो सुटला की निम्मे शब्द आपोआप गळून पडतात. घ्यायचं काय, खिशात मावणारा रिफिलवाला छोटा पॉड, की बटणं-स्क्रीन असलेलं मोठं टाकीवालं किट? मी दोन्ही मनापासून वापरलेत.

आधी दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. हे फक्त सिगरेट ओढणाऱ्यांसाठी आहे आणि तेही जिथे व्हेप कायदेशीर आहे तिथे. भारतात २०१९ च्या कायद्याने त्याच्या विक्रीवर, आयातीवर, साठ्यावर सगळ्यावरच बंदी आहे, तिथे असाल तर निकोटीनचे गम किंवा पॅच बघा आणि डॉक्टरांशी बोला. आणि व्हेप निरुपद्रवी नाहीये, निकोटीनची सवय त्यातही आहेच. फरक इतकाच की तंबाखू जळत नाही, त्यामुळे जळण्यातून येणारा टार आणि कार्बन मोनॉक्साइड टळतो. जो ओढतच नाही त्याने याच्या वाटेला जाऊ नये.

आता मुद्दा. सिगरेट ओढताना आपण काय करतो ते एकदा नीट आठवून बघा, आधी गाल आत ओढून धूर तोंडात घेतो, क्षणभर थांबतो, मग छातीत उतरवतो. यालाच एमटीएल म्हणतात, आणि छोटा पॉड याच पद्धतीने चालतो, साधारण १ ओहमच्या आसपासची कॉइल (निकोटीनचं लिक्विड तापवून वाफ करणारी तार), दहा-पंधरा वॉट, आवळलेला झुरका. मोठ्या किटवर असं ओढलं की मजा येत नाही, तिथे सरळ छातीत मोठा श्वास घ्यावा लागतो, कॉइल ०.२-०.४ ओहमची, वॉट ५०-६० च्या पुढे, आणि वाफ इतकी की खोली भरते. चव मात्र मोठ्या किटची उत्तम असते, हे मान्यच करायला पाहिजे, फळांच्या फ्लेवरला जी खोली तिथे येते ती पॉडमध्ये येत नाही. पण नव्या माणसाला त्या पहिल्या मोठ्या श्वासाला जो खोकला येतो त्याने तो "हे आपलं काम नाही" असं ठरवून मोकळा होतो. खोकला पॉडवरही येतो सुरुवातीला, पण कमी, आणि थोड्या दिवसांत जातो, निदान माझा तरी गेला.

लिक्विडचंही तसंच. पॉडमध्ये पातळ, ५०/५० वालं (म्हणजे पीजी आणि व्हीजी, पातळ प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि घट्ट व्हेजिटेबल ग्लिसरीन, निम्मं-निम्मं) घालायचं, त्यात निकोटीन सॉल्ट चालतं जे जास्त स्ट्रॉंग असलं तरी घशाला ओरबाडत नाही. दिवसाला पाकीटभर ओढणाऱ्याला युरोपातली कमाल मर्यादा असलेलं २० मिलीग्रॅम प्रति मिली बहुतेक पुरतं, कमी ओढणाऱ्याला १० सुद्धा पुरेल. मोठ्या किटमध्ये घट्ट, ७० टक्के व्हीजीवालं आणि निकोटीन ३ किंवा ६, कारण एका झुरक्यात वाफच एवढी जाते. यात एक गोष्ट खरोखर जपायची, २० चं सॉल्ट मोठ्या किटमध्ये कधीही भरायचं नाही, चक्कर, मळमळ, धडधड सगळं एकदम होतं. पॉड एकटाच घरात असला की ही गफलत व्हायला जागाच उरत नाही. आणि बाटल्या लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशाच ठेवायच्या, कुठलंही किट असो.

बॅटरी, चार्जिंग वगैरे दोन्हीकडे ठीकठाक. फक्त सुट्या, काढता येणाऱ्या १८६५० मापाच्या बॅटरीवालं किट असेल तर त्या बॅटऱ्या किल्ल्या-नाण्यांबरोबर खिशात टाकू नका आणि वरचं प्लास्टिक फाटलं असेल तर वापरू नका.

ज्या एका गोष्टीने माझ्यापुरता निकाल लावला ती म्हणजे जळका झुरका. ज्याने घेतलाय त्याला सांगायला नको. कॉइलच्या आत कापूस असतो, तो लिक्विडने भिजलेला असेल तोवर सगळं छान, पण तो कोरडा पडला आणि तार तापली की कापूसच करपतो, आणि तो जो कडवट धूर घशात जातो तो पाणी प्यायलं तरी बराच वेळ तिथेच बसून राहतो. आणि एकदा करपलेला कापूस परत सुधारत नाही, ती कॉइल गेली. मोठ्या किटवर हे माझ्या बाबतीत वारंवार व्हायचं. खिशात असताना प्लसचं बटण दाबलं जायचं, वॉट वर चढलेले असायचे, मी बाहेर काढून सवयीने ओढायचो आणि करपलंच. थंडीत घट्ट लिक्विड आणखी घट्ट होतं, कापसापर्यंत वेळेत पोचत नाही, लागोपाठ तीन-चार झुरके घेतले की परत तेच. मग टाकी उघडा, जुनी कॉइल काढा, हात चिकट, नव्या कॉइलच्या भोकांवर थेंब-थेंब लिक्विड सोडा, टाकी भरा आणि पाच-दहा मिनिटं तशीच उभी ठेवा म्हणजे कापूस भिजेल. हौशी माणसाला यात काही वाटणार नाही, उलट त्यांना हे आवडतं.

पण सिगरेट नुकतीच सोडलेल्या माणसाची ती पाच-दहा मिनिटं म्हणजे काय असतं हे ओढणाऱ्यालाच कळेल. तलफ साधारण तेवढाच वेळ टिकते, तेवढा वेळ काढला की बाजी मारली. आणि नेमक्या त्याच वेळात तुमच्या हातात उघडी टाकी, तोंडात जळकी चव आणि कोपऱ्यावर सिगरेट, जिला ना बटण ना कॉइल. मी ज्यांना ज्यांना परत सिगरेटवर जाताना पाहिलंय ते जवळपास सगळे अशाच कुठल्यातरी क्षणी गेलेत, वाफ आवडली नाही म्हणून गेलेलं मला तरी कोणी आठवत नाही. पॉडवर कापूस करपत नाही असं नाही, लिक्विड अगदी तळाला गेलं आणि आपलं लक्ष नसलं तर करपतो. पण वॉट मुळातच कमी, दाबायला बटण नाही (ओढलं की चालू होतो असाच घ्या), लिक्विड पातळ असल्याने कापूस पटकन भिजतो, आणि आदल्या रात्री भरून ठेवलेला दुसरा पॉड (म्हणजे लिक्विडची छोटी डबी, तिलाही पॉडच म्हणतात) खिशात असला की जुना उपसून काढायचा, नवा टक्‌ करून बसवायचा, बास.

पॉडचेही त्रास आहेत, ते लपवत नाही. तळाला वाफेचं पाणी साचतं, मग गुडगुड आवाज येतो आणि कधीकधी ओठाला गरम थेंब लागतो, टिश्यूने दोन्हीकडून पुसलं की थांबतं. काही पॉड गळतात. गोड लिक्विड वापरलं तर कॉइल लवकर काळी पडते, साधारण एक-दोन आठवडे टिकणारी त्याच्या आधीच जाते. आणि एक गोष्ट मला अजूनही खटकते, सिगरेट संपते आणि व्हेप संपत नाही. तिकडे फिल्टरपर्यंत आलं की झालं, इकडे पॉड हातातच असतो आणि माणूस नकळत ओढतच राहतो, पॉड छोटा आणि हलका असल्याने जरा जास्तच. मी ठरवून दहा-बारा झुरके झाले की खिशात ठेवतो. सुरुवातीला मात्र इतकं मोजत बसू नका, कारण व्हेपमधून निकोटीन सिगरेटइतक्या झपाट्याने चढत नाही, पाच मिनिटं ओढूनही काही झालं नाही असं वाटतं आणि थोडं थांबलं की बरं वाटायला लागतं.

ज्याला मुळातच यंत्रांशी खेळायला आवडतं, ज्याची सिगरेट आधीच सुटलीये आणि आता ज्याला चव हवीये, त्याने मोठं किट जरूर घ्यावं, त्याचा आनंद वेगळाच आहे. कदाचित तुमचं शरीर, तुमची सवय माझ्यापेक्षा वेगळी असेल आणि तुम्हाला पहिल्या दिवसापासून तेच जमेल, असेही लोक आहेत. पण ज्याची आज सकाळची पहिली सिगरेट अजून सुटलेली नाही त्याने, माझं ऐकाल तर, स्क्रीन नसलेला, आवळलेल्या झुरक्याचा साधा पॉड घ्यावा. दोन-तीन जास्तीच्या पॉड-डब्या, एक तंबाखूच्या चवीचं आणि एक पुदिन्याचं लिक्विड, एवढंच. निकोटीन लगेच कमी करायची घाई करू नका, कमी पडलं की मध्येच एखादी सिगरेट पेटवली जाते, आणि खरा फायदा सिगरेट पूर्ण बंद झाल्यावरच मिळतो, "दिवसाला दोनच" म्हटलं तरी हृदयाला त्या दोनाचा त्रास होतोच. तोंड कोरडं पडेल, पाणी जास्त प्या. आणि वॉट, ओहम, एअरफ्लो हे सगळं वाचायचं असेलच तर दोन-तीन महिन्यांनी वाचा.