अमोनिया शून्य दाखवून गळ्यात मारलेल्या गोगलगायी

ठाण्यातल्या आमच्या हॉलमध्ये १२० लिटरचा मरीन टँक, म्हणजे खाऱ्या पाण्याचा फिशटँक, बसवला. तयार सागरी मीठ लिटरला साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे सव्वाचार किलो गेलं. तळाला कोरडी वाळू, वर कोरडे दगड, क्षारतेचा आकडा (पाण्याची सापेक्ष घनता) १.०२५. मासे घाईने सोडायचे नसतात एवढं ऐकून होतो, म्हणून आठव्या दिवशी पाण्याची बाटली घेऊन मुंबईतल्या एका दुकानात गेलो. तपासणी फुकट होती. कान तिथेच टवकारायला हवे होते.

मालकाने माझ्यादेखत टेस्ट केली. नळीतलं पाणी पिवळंच राहिलं. "अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. साहेब, टँक तयार आहे तुमचा. आता आधी सफाईवाले टाका, मासे मागाहून." आणि 'क्लीनिंग पॅक' पुढे केला: वीस गोगलगायी, दहा हर्मिट (रिकाम्या शंखात राहणारे) खेकडे, ३,६०० रुपये.

टेस्ट खरी होती, आणि मी फसलो तो त्यामुळेच. टँकमध्ये काही कुजलं की विषारी अमोनिया चढतो. तो खाणारे जिवाणू वाढले की उतरतो. मग नायट्राइटची तीच गत होते आणि शेवटी नायट्रेट दिसायला लागतो. या चक्राला टँकवाले 'सायकल' म्हणतात, आणि तिला चार-सहा आठवडे सहज जातात. माझ्या टँकमध्ये आठ दिवसांत खाद्याचा एक कणही पडला नव्हता. पिण्याच्या पाण्यात मीठ कालवून नेलं असतं तरी हाच शून्य आला असता. सायकल सुरूच झाली नव्हती, आणि मालक ती पूर्ण झाली म्हणून सांगत होता. नायट्रेट त्याने तपासला नाही, मीही विचारलं नाही. बरं, सफाईवाल्यांना साफ करायला तरी काय होतं? काचेवर बोट फिरवलं तर कुईं आवाज यायचा. नव्या टँकवर पहिल्यांदा शेवाळाची तपकिरी साय धरते, तीसुद्धा धरली नव्हती.

"पिशवी अर्धा तास तरंगवा आणि सोडा," असं त्याने सांगितलं होतं. तसंच केलं. सोडून झाल्यावर पिशवीतल्या उरलेल्या पाण्याची क्षारता मोजली, तर १.०१७. बरीच दुकानं पाणी असं फिकं ठेवतात, मीठही वाचतं. मासा एक वेळ निभावून नेईल, पण या जिवांना तो फरक एकदम सोसत नाही. बारीक नळीला गाठ मारून टँकचं पाणी थेंब थेंब तास-दीड तास त्यांच्या पाण्यात सोडायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी हॉलमध्ये वास. मेलेल्या गोगलगायीचा वास ज्याने घेतलाय त्याला वर्णन नको, बाकीच्यांना सांगून कळणार नाही. सात हर्मिट गेले होते. वीसपैकी सहा शंख तर मुळातच मेलेले किंवा रिकामे, आणि ते मला मोजून दिलेले. अमोनिया आता २ पीपीएम (दहा लाखांत दोन भाग). म्हणजे सायकल खऱ्या अर्थाने सुरू झाली ती त्यांच्या मढ्यांवर.

उरलेल्या चौदांपैकी आठ सारख्या पाण्याबाहेर चढून काचेच्या काठावर बसायच्या. आई देवगडची. तिने दुरूनच पाहिलं आणि म्हणाली, "ह्ये आमच्या खडपावरचे." भरती-ओहोटीच्या रेषेवर राहणारे जीव ते, कायम बुडून राहायची सवयच नाही. मग तिने बाकीच्या सहांपैकी एक उचलून उलटी केली. "आणि ही तर कालवांक भोक पाडता." दोन आठवड्यांनी एका मेलेल्या शंखावर टाचणीने पाडावं तसं गोल, स्वच्छ भोक सापडलं, तेव्हा तिचं म्हणणं पटलं. शेवाळ खाणाऱ्या गोगलगायीच्या शंखाचं तोंड बहुधा गोल किंवा अर्धगोल असतं. तोंडाच्या टोकाला पन्हळीसारखी खाच दिसली की ती बहुतेक मांसाहारी. नासारियसला खाच असूनही ती मेलेलंच खाते, पण ती ओळखता येत नसेल तर खाचवाली घेऊच नका.

दुकानात परत गेलो. "जिवंत मालाला गॅरंटी नसते साहेब." बिल काढलं, तर त्यावर 'फिशटँक साहित्य' एवढंच. गोगलगाय, हर्मिट, नग, काही नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायला बसलो तेव्हा या एका ओळीची किंमत कळली. जिवंत जनावरांचं नाव आणि संख्या बिलावर लिहून घ्या, आणि पिशवी बांधायच्या आधी प्रत्येक शंख उलटा करून बघा. जिवंत असेल तर झाकण आत ओढून घेते.

पुढचे सहा आठवडे मी टँकमध्ये काही सोडलं नाही. नायट्रेट दिसला, काच तपकिरी झाली, मग ओळखीच्या एका हौशी माणसाकडून फक्त चार ट्रोकस, म्हणजे शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी, आणल्या. १२० लिटरला सुरुवातीला तेवढ्या पुष्कळ झाल्या. जास्त आणल्या तर शेवाळ संपल्यावर उपाशी मरतात.

भोकं पाडणाऱ्या सहांपैकी पाच मी बाहेर काढल्या. सहावी दगडाच्या कुठल्या तरी फटीत आहे. रोज रात्री दिवे मालवून टॉर्च घेऊन बसतो आणि आधी ट्रोकस मोजतो. काल रात्रीपर्यंत चार होत्या.