भौतिक बदल की रासायनिक? मेणबत्तीत दोन्ही सापडतात

शाळेत एक सोपं सूत्र पाठ केलेलं असतं, उलट करता आला तर भौतिक नाहीतर रासायनिक, पण खरं सांगू का, ते अर्धवट आहे. काच फोडा आणि परत जोडून दाखवा बघू! तरी तो भौतिकच, कारण तुकडे झाले तरी काच ती काचच. आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीत तर चक्क रासायनिक क्रिया उलटसुलट चालू असते.

म्हणून विचारायचं एवढंच, पदार्थ तोच राहिला की नवीन झाला? बर्फ वितळला तरी पाणीच, लोखंड गंजलं की मात्र ऑक्सिजन आणि पाण्याशी मिळून वेगळंच काहीतरी होतं.

बुडबुडे आले म्हणजे रासायनिक बदल, अशा खुणा पण फसवतात. पाणी 100 अंशाला उकळतं तेव्हा बुडबुड्यात पाण्याचीच वाफ, खायच्या सोड्यावर व्हिनेगर ओतलं की बुडबुडे तसेच दिसतात पण आत कार्बन डायऑक्साइड, जो आधी तिथे वायू म्हणून नव्हताच.

माझं आवडतं उदाहरण मेणबत्ती. ओघळणारं मेण भौतिक, ज्योतीत जळतंय ते रासायनिक. फुंकर मारून विझवली की वातीतून पांढरा धूर येतो ना, ती मेणाचीच वाफ गार होऊन झालेले बारीक कण, लगेच त्या धुराला पेटती काडी लावा, ज्योत धुरावरून सरकत परत वातीवर येते (जरा सांभाळून हं).

मीठ पाण्यात विरघळणं? पुस्तकं भौतिक म्हणतात, पाणी आटवलं की मीठ परत मिळतं, पण मिठातले आयन (विजेचा भार असलेले कण) सुटे होतात त्याचं काय म्हणून वाद घालणारे आहेतच.