छोटी ग्वालटोलीतलं बिनपाटीचं गॅरेज आणि बाबांची सीडी १००

इंदूरमध्ये कमी पैशांत जुनी मोटरसायकल पुन्हा रस्त्यावर आणायची असेल, तर सरवटे बसस्टँडजवळ छोटी ग्वालटोलीच्या आतल्या गल्लीत बसणाऱ्या उस्तादांकडे जा. गॅरेजला पाटी नाही, पण पार्ट्सच्या कुठल्याही दुकानात विचारलं की दाखवतात. मी त्यांच्याकडे बाबांची १९९१ची हिरो होंडा सीडी १०० दिली. हाताशी १५,००० रुपये होते, त्यावर एक पैसा नाही.

गाडी लोकमान्य नगरच्या घरी जिन्याखाली वर्षानुवर्षं पडून होती. किक जाम, टाकीला व्हार्निशसारखा वास, वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं. आधी एका चकचकीत दुकानात विचारलं, तर गाडीकडे वाकूनही न बघता त्यांनी रंग, क्रोम आणि नवं इंजिन किट धरून ४०,००० सांगितले. उस्तादांनी आधी प्लग काढला, भोकातून थोडं डिझेल आणि ऑइल सोडलं आणि गाडीला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. जाम इंजिनावर जोर करून किक मारली की पिस्टनच्या रिंगा तुटू शकतात. मग म्हणाले, "मेडम, पेले चलेगी, फिर रुकेगी, फिर चमकेगी." आधी इंजिन, मग ब्रेक, रंग सगळ्यात शेवटी. मोजून खर्च करणाऱ्याला हाच क्रम परवडतो.

त्यांचं खरं काम मी पाहिलं ते क्लचकडचं कव्हर उघडल्यावर. या इंजिनाला कागदी ऑइल फिल्टर नसतोच. क्रँकच्या, म्हणजे पिस्टननं फिरणाऱ्या दांड्याच्या, टोकाला एक चपटी गोल डबी फिरत असते, ऑइलमधला कचरा तिच्या कडेला फेकला जातो आणि तिथंच चिकटून राहतो. दरवेळी ऑइल बदलणारेही ही डबी सहसा उघडत नाहीत. आमच्या डबीत काळ्या गाळाचा कडक थर बसला होता. लाकडी पट्टीनं तो हळूहळू खरवडून, धुऊन, पुसून उस्तादांनी डबी माझ्या हातात दिली आणि आतली धातूची चकाकी दाखवली. सिलेंडरचं माप घेतलं, वरच्या कडेला माझंच नख फिरवायला लावलं. पायरी लागली नाही, म्हणजे सिलेंडर फारसा झिजलेला नाही, तो आतून कापून मोठा (बोअर) करायचं कारण नाही, नुसत्या रिंगा घालायच्या. गिऱ्हाइकाचे पैसे वाचवायला एवढा वेळ देणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

सीडी १०० घेऊन गेलात तर पार्ट्सची चिंता करू नका. १९८५ साली आलेलं हे ९७.२ सीसीचं इंजिन पुढे स्प्लेंडरमध्ये चाललं. त्यामुळे रिंगा, गॅस्केट, क्लच प्लेटा त्याच गल्लीत मिळतात. जुन्या येझदी मोटरसायकलवाल्यांना हे सुख नाही.

टाकी मी घरीच साफ केली, मजुरी वाचेल म्हणून त्यांनीच सुचवलं. आत जुन्या सायकलच्या चेनचा तुकडा आणि व्हिनेगर घालून हलवत राहायचं, मग खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवायचं, पूर्ण वाळवायचं आणि लगेच आतून पेट्रोल फिरवायचं, नाहीतर ओल्या पत्र्यावर तासाभरात पुन्हा गंज धरतो. पेट्रोलचा पाइप आणि कार्ब्युरेटरचं रबर मात्र नवंच घातलं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुनं रबर त्यात फुगतं. टायर आणि ब्रेक शूमध्येही उस्तादांनी काटकसर करू दिली नाही. दुकानदारानं दिलेल्या टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचून त्यांनी तो परत पाठवला. त्यातले पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर नवा म्हणून विकत होते, पण बनून बरीच वर्षं झाली होती.

आता तक्रारी. पंधरा दिवस म्हणाले आणि जवळजवळ दोन महिने लावले. फोन उचलत नाहीत, स्वतः जाऊनच विचारावं लागतं. लेखी हिशेब देत नाहीत, त्यामुळे वही तुम्हीच ठेवा. आणि त्यांनी गाठून दिलेला रंगवाला अजिबात घेऊ नका. टाकीचा काळा वेगळा, साइड पॅनलचा काळा वेगळा, उन्हात लगेच कळतं. सांगूनही त्यानं दुरुस्त केलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं, कारण बाबा ती गाडी आरशासारखी ठेवायचे.

सगळं मिळून १४,३०० रुपये झाले. कागदपत्रांचा खर्च यात नाही आणि त्यात उस्ताद पडतही नाहीत. आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी फॉर्म २५ भरून नूतनीकरण करायचं असतं. मुदत उलटली असेल तर दंड महिन्यागणिक चढतो, म्हणून गाडी खोलायच्या आधी नायता मुंडल्याच्या आरटीओत किती भरावं लागेल ते विचारून या.

गाडी आता पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू होते आणि बाबा स्वतः चालवतात. सीट अजून फाटकीच आहे, ती पुढच्या पगारावर. जुन्या शिलाईची सीट नीट शिवणारा कुणी इंदूरमध्ये माहीत असेल तर जरूर कळवा.