पद्मिनी कारची पावडर कोटेड बॉडी, ९ महिन्यांनंतर: कोटिंग टिकलं, कच नडली

गेल्या आठवड्यात ड्रायव्हरच्या दाराची काच खाली घेतली आणि वर आली ती पाच उभे ओरखडे घेऊन. आतलं कव्हर उघडलं तर काचेच्या खाचेतल्या फेल्टमध्ये तपकिरी कण रुतून बसलेले, आणि दाराच्या तळाशी त्याच कणांची बोटभर जाडीची वडी. स्क्रू ड्रायव्हरनं टोकरावी लागली इतकी घट्ट. ही फेब्रुवारीतल्या ब्लास्टिंगची, म्हणजे जुना रंग आणि गंज उडवायला हवेच्या दाबानं मारलेल्या पोलादी कणांची कच. नऊ महिने ती दारात बसून होती.

काम असं झालं होतं: प्रीमियर पद्मिनीची पूर्ण उघडी बॉडी आणि चार दारं, वाळूज एमआयडीसीतल्या एका जॉबवर्कवाल्याकडे स्टील ग्रिटनं (हेच ते पोलादी कण) ब्लास्टिंग, त्यावर इपॉक्सी पावडर प्रायमर (कोरडी पूड फवारून भट्टीत वितळवतात), बाहेरून ३२० नंबरचा पॉलिश पेपर मारून २के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा, पेंट. इपॉक्सी उन्हात खडूसारखी पांढरी पडते, म्हणून वर पेंट हवाच.

आधी कोटिंगबद्दल. पावसाळ्यापूर्वी विचारलं असतं तर पैसे वाया गेले म्हटलं असतं, कारण बाहेरचा पत्रा घासून घासून सपाट करण्यात पेंटरचे चार दिवस जादा गेले. पावडर थोडी संत्र्याच्या सालीसारखी बसते. ते मत आता बदललं आहे. चाकांच्या कमानीत काळी माती पावसाळाभर थापून होती. ही माती ओल धरून ठेवते आणि तळाला मारायच्या साध्या अंडरकोटचा एका पावसाळ्यात निकाल लावते. दिवाळीआधी पाण्यानं धुतलं तर खालचं कोटिंग अखंड. ६० ते ८० मायक्रॉनचा एकच थर, पण खडी उडूनही टवका गेलेला नाही. तळाला पावडरच करावी, यात आता शंका नाही.

पण कच! पद्मिनीला वेगळी चेसिस नाही, बॉडी हीच चेसिस. फिआट ११०० ची ही रचना १९५३ पासूनची. म्हणजे दाराखालचे रनिंग बोर्ड, खांब, पुढचे-मागचे मेंबर (तळाचे पोकळ आधार) हे सगळे बंद डबे. ब्लास्टिंगचा नोझल कुठल्याही भोकावरून फिरला की ग्रिट आत जाते, आणि ज्या वाटेनं गेली त्या वाटेनं परत येत नाही. त्यात स्टील ग्रिटचा स्वभाव वेगळा. कोरडी असेपर्यंत वाळूसारखी वाहते, ओल लागली की गंजून एकजीव होते. जुलैत रनिंग बोर्डच्या खालून क्रीम रंगावर तपकिरी ओघळ यायला लागले तेव्हा पत्राच सडतोय असं वाटलं. मोबाईलला लावायचा नळीचा कॅमेरा (एंडोस्कोप) आत घातला तेव्हा कळलं, पत्रा ठीक होता, गंजत होती ती कच. निचऱ्याची भोकं तिनं बुजवली होती आणि पाणी आत साठत होतं. दोन्ही बाजूंनी मिळून १ किलो ४०० ग्रॅम निघाली. वजनकाट्यावर मोजली आहे.

जॉबवर्कवाल्याचं म्हणणं, भोकं बंद करून देणं गिऱ्हाईकाचं काम. जुलैत यावर बराच वाद झाला. आता वाटतं त्याचं अर्धं बरोबर आहे. भोकं आम्हीच बुजवायला हवी होती. पण ब्लास्टिंगनंतर हवा मारून बॉडी रिकामी करणं त्याचं काम होतं, आणि ते त्यानं केलं नाही. भट्टीतल्या पंख्याच्या वाऱ्यानं उडालेले कण पावडर वितळताना तिच्यात चिकटले, छताच्या आतल्या बाजूला आजही हाताला लागतात. ते त्याला बॉडी उतरवतानाच दिसायला हवे होते.

पुढच्यांनी हे असं करावं. बॉडी द्यायच्या आधी प्रत्येक भोक मोजून कागदावर मांडा. ब्लास्टिंगसाठी रबरी बूच लावा, ग्रिट रबरावरून उसळते. चिंध्या कोंबू नका, त्या फाटून आत जातात आणि भट्टीत जळतात. साधा टेप दोन मिनिटांत उडतो. भट्टीपूर्वी रबर काढून सिलिकॉनचे बूच बसवा, म्हणजे बुचांचे दोन वेगळे संच लागतात. सगळ्यात खालची निचऱ्याची भोकं मात्र उघडी ठेवा, तिथूनच कच बाहेर येणार. फिरत्या चौकटीवर बॉडी चारही बाजूंना कलती करा, रबरी हातोड्यानं डब्यांवर ठोका, बारीक नळीनं हवा मारा, पुन्हा कलती करा. कोटिंगचं दुकान वेगळं असेल तर टेम्पोत बॉडीखाली पांढरी ताडपत्री अंथरा, रस्त्याचे धक्के हातोड्यापेक्षा बरे. पोचल्यावर ताडपत्रीवर मूठभर कच दिसली तर अजून काम बाकी आहे. दारांना तर तळाची शिवण वर करून उलटं टांगून ठोकावं. बुचांचे दोनशे-तीनशे रुपये वाचले आणि काच, फेल्ट, मजुरी मिळून साडेसहा हजार गेले.

बाकीच्या तयारीत सर्वाधिक वेळ खाते ते जुनं डांबरी अंडरकोट आणि फरशीवरचे आवाज दाबायचे तुकडे. दोन्ही मऊ, ग्रिट त्यांच्यावरून उसळते. हीट गन आणि खरवडणीनं आधीच काढा. जोडांवरचा जुना सीलंटही तसाच. पुट्टीचा कणही राहता कामा नये, १८० ते २०० अंशांच्या भट्टीत ती फुगते, तडकते. जुन्या दुरुस्तीत शिसं-कथलाचा भराव असेल तर तोही काढा, १८३ अंशांपासून तो नरम पडतो आणि घसरतो. स्पॉट वेल्डच्या दुहेरी पत्र्यात तेल मुरलेलं असतं, म्हणून पावडर टाकण्यापूर्वी बॉडी एकदा नुसतीच, जरा जास्त तापमानाला भाजून घ्यावी. हे न केल्यास जोडांवर बुडबुडे येतात.

ब्लास्टिंगनंतर गंजानं पत्र्याची झालेली चाळण दिसणार हे गृहीत धरा. म्हणून खेपा दोन: ब्लास्टिंग, मग वेल्डिंग, मग वेल्ड केलेल्या जागी पुन्हा ब्लास्टिंग आणि लगेच कोटिंग. एकदा पावडर झाली की वेल्डिंग म्हणजे तो भाग जाळणं. उघड्या पत्र्याला हात लावू नका आणि बोअरच्या पाण्यानं धुवू तर नकाच. आपल्याकडच्या जड पाण्याचे क्षार पत्र्यावर राहतात, पुढे तिथेच कोटिंगला फोड येतात. महिना फेब्रुवारी ते मे. कोरड्या हवेत पत्रा काही तास तरी पांढरा राहतो, जुलैत जेवून येईपर्यंत लाल.

छत, बोनेट आणि दारांच्या बाहेरच्या पत्र्याला स्टील ग्रिट लावू देऊ नका. दाणे एका बाजूनं पत्रा ठोकून ताणतात आणि तो फुगतो. तिथे पेंट रिमूव्हर आणि हातानं घासणं.

चेसिस नंबरवर आधी पत्र्याची पट्टी बसवा, नंबर पुसट झाला तर आरटीओत पेन्सिल प्रिंट निघणार नाही. पत्र्याला वेल्ड केलेल्या नटांत जुने बोल्ट फिरवून ठेवा, एरवी आट्यांत पावडर बसून टॅप मारत, म्हणजे आटे पुन्हा पाडत, बसावं लागतं. अर्थिंगच्या, म्हणजे विजेच्या तारा बॉडीला जोडायच्या, जागा खरवडून चकचकीत करा, कारण पावडरमधून वीज जात नाही. स्टार्टर दमल्यासारखा फिरला तर बॅटरी बदलण्यापूर्वी इंजिनची अर्थ पट्टी बघा.

सध्या रनिंग बोर्ड साफ करून आत कॅव्हिटी वॅक्स (पोकळ डब्यांत फवारायचं गंजरोधक मेण) मारला आहे. पावडर त्या डब्यांत पोचतच नाही, आतला पत्रा उघडाच राहतो, त्यामुळे हे कोटिंगनंतर लगेच करायला हवं होतं. ड्रायव्हरच्या दाराचं काम झालं, तीन दारं अजून उघडायची आहेत. डाव्या मागच्या दारावर थाप मारली की तळाशी अजून खुळखुळ ऐकू येते.