सहल विकतात, नाव देतात समर स्कूल

दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत कॉलेजांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक पोस्टर फिरायला लागतं. ‘सस्टेनेबिलिटी समर स्कूल, कोपनहेगन. 12 दिवस, 6 ईसीटीएस क्रेडिट, युरोपियन विद्यापीठाच्या कॅम्पसवर.’ ईसीटीएस म्हणजे युरोपातल्या विद्यापीठांची क्रेडिट मोजायची पद्धत. पोस्टरवर खाली पवनचक्क्या, सायकली आणि विद्यापीठाच्या इमारतीचा फोटो. यात खोटं काय ते शोधायला गेलात तर पटकन हाताला लागत नाही. शहर खरं, इमारत खरी, बहुतेक वेळा विमानाचं तिकीटही खरंच निघतं. मुलं जातात, फोटो टाकतात, सर्टिफिकेट घेऊन परत येतात. पुढे कधीतरी मास्टर्सच्या अर्जात ते क्रेडिट दाखवायची वेळ येते आणि तेव्हा कळतं, की त्या विद्यापीठाच्या नोंदीत आपलं नावच नाही.

याची मेख अशी. उन्हाळ्यात युरोपातली अनेक विद्यापीठं रिकामे वर्ग आणि सभागृहं बाहेरच्यांना भाड्याने देतात. पैसे भरले की खोली मिळते, तिथे काय शिकवणार हे बारकाईने कोणी विचारत नाही. पोस्टर काढणारी इथली एजन्सी दोन-तीन दिवसांसाठी अशी खोली घेते, एखाद्या निवृत्त किंवा बाहेरून येणाऱ्या व्याख्यात्याला मानधन देऊन बोलावते आणि सर्टिफिकेटवर छापते, ‘अमुक विद्यापीठाच्या कॅम्पसवर आयोजित’. ‘आयोजित’ आणि ‘प्रदान’ यांतला फरक घाईत वाचणाऱ्याच्या लक्षात येत नाही. खऱ्या अभ्यासक्रमानंतर तुमच्या हातात पडते ती गुणपत्रिका, म्हणजे ट्रान्सक्रिप्ट. तिच्यावर कोर्सचा कोड, क्रेडिट आणि श्रेणी असते आणि ती विद्यापीठाच्याच प्रणालीतून निघते. नुसतं ‘सहभागाबद्दल’ असं लिहिलेलं जाड कागदाचं सोनेरी सर्टिफिकेट मिळणार असेल, तर क्रेडिटचा विषय तिथेच मिटला.

क्रेडिटचा आकडा पोस्टरवरच तपासता येतो, त्यासाठी कोणाला फोन करायची गरज नाही. एक ईसीटीएस म्हणजे 25 ते 30 तासांचं काम. त्यात वर्ग, वाचन, प्रकल्प, परीक्षा सगळं आलं. म्हणजे 6 क्रेडिटला किमान 150 तास. 12 दिवसांतला जाण्याचा आणि येण्याचा दिवस वजा केला की उरतात 10. रोज 15 तास अभ्यास! आणि त्याच पत्रकात चौथ्या दिवशी टिव्होली बाग, सातव्या दिवशी पूल ओलांडून स्वीडनमधल्या माल्मोला शॉपिंग. ताडून बघायला डेन्मार्कचं तंत्रविद्यापीठ डीटीयू घ्या. तिथले उन्हाळी कोर्स तीन आठवडे पूर्णवेळ चालतात आणि त्यांचे क्रेडिट मिळतात 5. प्रवासाआधी घरी करायचा अभ्यास धरला आहे असं एजन्सी म्हणाली, तर तो अभ्यास कोण देणार, कोण तपासणार आणि गुण कुठे नोंदवणार, एवढं लेखी मागा. गाडी सहसा इथेच अडते.

भेटींची यादीही नीट वाचण्यासारखी असते. ‘कोपनहिल येथे एक्सक्लुझिव्ह इंडस्ट्री व्हिजिट’ असं छापलेलं असतं. कोपनहिल म्हणजे आमागेर बाक्के हा कचरा जाळून वीज आणि शहराला पुरवायची उष्णता तयार करणारा प्रकल्प. त्याच्या उतरत्या छतावर स्कीइंगचा ट्रॅक आहे आणि शेजारून जाणारी पायवाट सगळ्यांना खुली आहे. छतावर चढून फोटो काढण्यात एक्सक्लुझिव्ह काहीच नाही. आत जाऊन भट्टी, बॉयलर आणि धुराचं शुद्धीकरण बघायचं तर आधी बुकिंग लागतं. ते झालं आहे का, कोणत्या तारखेचं, हे विचारा. तीच गत मिडलग्रुंडेनची. कोपनहेगनसमोरच्या समुद्रात प्रत्येकी 2 मेगावॅटच्या 20 पवनचक्क्या आहेत आणि निम्मी मालकी सहकारी संस्थेची. सहकारावर वाढलेल्या महाराष्ट्रातल्या मुलांना यात शिकण्यासारखं खूप आहे. पण ‘ऑफशोअर विंड मॉड्यूल’ म्हणजे किनाऱ्यावरून बोट दाखवणं असेल, तर ती चौपाटीवरची फेरी झाली. खऱ्या कोर्समध्ये 40 मेगावॅटच्या क्षमतेतून वर्षाला प्रत्यक्ष किती वीज निघते याचा हिशोब मुलांकडून करून घेतात. सहकारी भागभांडवल कसं उभं राहिलं ते वाचायला लावतात, डेन्मार्कमधल्या कालुंदबोर्गसारख्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याची वाफ आणि टाकाऊ माल दुसऱ्याकडे कसा जातो याचा आराखडा काढायला सांगतात, आणि त्यावर गुण देतात. म्हणून पत्रकात स्थळांची नावं किती आहेत ते मोजत बसू नका. मूल्यमापन कसं होणार ही ओळ शोधा. ती नसली तर तुम्ही सहलीचं पत्रक वाचताय.

आता किंमत. मूळ फी 5 लाख 60 हजार दाखवायची, नंतर फोनवर दहा मिनिटांचा ‘इंटरव्ह्यू’ घ्यायचा आणि दोन दिवसांत ‘50 टक्के मेरिट स्कॉलरशिप’चं पत्र पाठवायचं, हा नेहमीचा घाट. स्कॉलरशिप सगळ्यांनाच मिळते, कारण 2 लाख 80 हजार हीच खरी विक्रीची किंमत. त्यानंतर ‘सीट ब्लॉक’ करायला 48 तासांत 25 हजार, परत न मिळणारे. पालक कचरतात, पण त्यांचं कचरणं एकाच कारणाने थांबतं: कॉलेजचे सरही सोबत जाणार असतात. सरांचा हेतू चांगला असू शकतो, पण सहलीच्या धंद्यात 15-20 माणसांमागे एक जागा फुकट द्यायचा जुना रिवाज आहे, आणि सरांची जागा बहुधा त्यातलीच असते. सर येताहेत म्हणजे कॉलेजने चौकशी केली, असं धरून चालू नका. कॉलेज हे क्रेडिट मार्कशीटवर घेणार का, हे प्राचार्यांच्या सहीने लेखी घ्या. तोंडी ‘हो, हो’ला काही किंमत नाही.

ऑफिसच्या भिंतीवरच्या फ्रेम बघूनही बरेच जण भुलतात. गुमास्ता म्हणजे दुकान नोंदणी. महाराष्ट्रात कामगार थोडेच असतील तर नुसती ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते. उद्यम, म्हणजे लघुउद्योगाची नोंदणी, स्वतःच्या घोषणेवर होते. आयएसओ 9001 कामाच्या पद्धतीबद्दल असतं, शिक्षणाच्या दर्जाबद्दल नाही. परराष्ट्र मंत्रालयाचा रिक्रूटिंग एजंटचा परवाना परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्यांना लागतो, शिकायला पाठवणाऱ्यांशी त्याचा संबंध नाही. म्हणून ‘गव्हर्नमेंट अप्रूव्ह्ड’ या पाटीखाली नेमकं कोणतं अप्रूव्हल आहे ते वाचून बघा.

चौकशी नेहमी विद्यापीठाच्या बाजूने करायची, एजन्सीने दिलेल्या लिंकवरून नाही. ब्रिटनमध्ये ‘डॉट एसी डॉट यूके’ आणि अमेरिकेत ‘डॉट ईडीयू’ हे पत्ते वाटेल त्याला मिळत नाहीत. डेन्मार्कचा ‘डॉट डीके’ किंवा ‘डॉट ईयू’ मात्र विद्यापीठापुरता राखीव नाही. विद्यापीठाच्या नावाला ‘समर’ किंवा ‘ग्लोबल’ जोडून कोणीही साइट उभी करू शकतो. तेव्हा विद्यापीठाची मूळ साइट स्वतः शोधून तिथली कोर्सची यादी उघडा. कोपनहेगन विद्यापीठ आणि डीटीयू दोघांचीही यादी सगळ्यांना बघता येते आणि प्रत्येक कोर्सला कोड असतो. मग तिथल्या आंतरराष्ट्रीय विभागाच्या ईमेलवर तीन प्रश्न पाठवा: या कोडचा कोर्स या उन्हाळ्यात आहे का, ट्रान्सक्रिप्ट कोण देणार, आणि अमुक एजन्सीला तुमच्या वतीने प्रवेश द्यायचा किंवा पैसे घ्यायचा अधिकार आहे का. आलेलं उत्तर जपून ठेवा, पुढे त्याचा उपयोग आहे.

पैशाचा मार्गही बरंच सांगून जातो. फी थेट विद्यापीठाला जात असेल तर बँक परदेशी पैसे पाठवायचा ए2 फॉर्म भरून घेते, परदेशी शिक्षणाचा एस0305 हा उद्देश कोड लावते आणि विद्यापीठाचं पत्र मागते. डेन्मार्कचा आयबीएएन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, डीके या अक्षरांनी सुरू होतो आणि एकूण 18 अक्षर-अंकांचा असतो. डॅनिश विद्यापीठाच्या नावाने लिथुआनियाचा, म्हणजे एलटीने सुरू होणारा खाते क्रमांक दिला असेल तर हात आखडता घ्या. स्विफ्टने, म्हणजे देशोदेशींच्या बँकांना जोडणाऱ्या यंत्रणेतून, पाठवलेले पैसे मुख्यतः खाते क्रमांकावर जमा होतात, नाव जुळलंच पाहिजे असं नाही. एजन्सीच्या चालू खात्यात रुपयांत पैसे भरले तर बँकेकडून यातली कसलीच तपासणी होत नाही. तिथे बिल मागा आणि त्यावरचा सेवा कोड बघा. शिक्षणसेवांचा कोड 9992 ने सुरू होतो. 9985 असेल तर त्या गटात सहलीच्या सेवा येतात. टीसीएसचंही, म्हणजे पैसे घेतानाच वसूल होणाऱ्या आयकराचंही, तसंच. 1 एप्रिल 2025 पासून शिक्षणासाठी बाहेर पाठवलेल्या रकमेवर वर्षाला 10 लाखांपर्यंत टीसीएस नाही, परदेशी सहलीच्या पॅकेजवर मात्र पहिल्या रुपयापासून आहे. एजन्सीने टीसीएस लावला, तर आपण सहल विकतोय हे तिने स्वतःच्या हाताने लिहून दिलं. आणि कापलेला टीसीएस तुमच्या पॅनवर आयकर खात्याच्या कर-नोंदीत दिसला नाही, तर तो बहुधा सरकारकडे गेलाच नाही.

सगळ्यात जास्त काळ जाच होतो तो व्हिसाच्या कागदांचा. इतक्या लहान कार्यक्रमाला 90 दिवसांपर्यंतचा शेंगेन व्हिसा लागतो, त्याची फी प्रौढांना 90 युरो आणि विमा किमान 30 हजार युरोचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. ‘व्हिसा गॅरंटीड’ म्हणणाऱ्याच्या हातात यातलं काहीच नसतं. बँकेचं स्टेटमेंट ‘आम्ही बघतो’ किंवा निमंत्रणपत्र ‘आम्ही तयार करतो’ असं कोणी म्हणालं तर तिथूनच उठा. अर्जावर सही तुमची, बोटांचे ठसे तुमचे. खोटा कागद सापडून व्हिसा नाकारला गेला, तर ती नोंद शेंगेनच्या व्हिसा यंत्रणेत पाच वर्षं राहते आणि उद्या जर्मनी-नेदरलँड्सला मास्टर्ससाठी अर्ज करताना समोर येते. एजन्सीचं यात काही बिघडत नाही.

पैसे गेलेच आणि एजन्सी गायब झाली, तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, त्याच दिवशी. पैसे स्विफ्टने गेले असतील तर बँकेकडून व्यवहाराचा माग काढायचा 36 अक्षरांचा यूईटीआर क्रमांक घेऊन रक्कम परत मागवण्याचा लेखी अर्ज द्या. पोलिसांत तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली होते.

सहल झाली पण क्रेडिट मिळालं नाही, असं असेल तर पोलीस बहुतेक वेळा ‘हा दिवाणी वाद आहे’ म्हणून परत पाठवतात. तिथे जिल्हा ग्राहक आयोग कामाचा. दोन वर्षांच्या आत ई-जागृती या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते, आणि भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. एजन्सी तिकिटं आणि हॉटेलची बिलं पुढे करून ‘सेवा दिली’ असंच म्हणणार. त्यामुळे तक्रार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची लिहा. सोबत ‘6 ईसीटीएस’ छापलेलं पोस्टर लावा, ते ग्रुपवर आलं त्या तारखेसकट, आणि असा कोर्स आमच्याकडे नाही असं सांगणारं विद्यापीठाचं ईमेल.