शाळेचा पैसा आणि कोर्टाची पायरी : नागपुरातील मुलांच्या एका कार्यशाळेविषयी

उन्हाळ्याच्या सुट्टीत नागपुरात पोहण्याची, चित्रकलेची आणि अबॅकसची शिबिरे गल्लोगल्ली भरतात. शाळांना पैसा कुठून मिळतो, त्याच्या वाटपात अन्याय कसा होतो आणि त्याविरुद्ध न्यायालयात दाद कशी मागतात, हे तिसरी ते पाचवीच्या मुलांना शिकवणारी तीन दिवसांची कार्यशाळा मात्र क्वचितच पाहायला मिळते. काही वकील आणि निवृत्त शिक्षक यांनी मिळून धरमपेठेतील एका सभागृहात ती घेतली. शुल्क 900 रुपये होते. महापालिका आणि जिल्हा परिषद शाळांतील मुलांना मात्र प्रवेश विनाशुल्क होता. पालकांना मागच्या खुर्च्यांवर बसण्याची मुभा असल्याने माझे मत ऐकीव माहितीवर बेतलेले नाही.

पहिला दिवस सर्वांत उत्तम होता. मुलांचे दोन गट करून प्रत्येकाला कागदी घरांची एक वस्ती दिली गेली. एका वस्तीत मोठी, महागडी घरे होती, तर दुसरीत लहान घरांची दाटी होती, आणि आपापल्या शाळेसाठी दर शंभरामागे किती कर घ्यायचा हे ज्या त्या गटाने ठरवायचे होते. गरीब वस्तीच्या गटाने हिरिरीने दर वाढवला. तरीही त्यांच्या डब्यात नाणी कमीच पडली. मुले चिडली, कुणीतरी घरे बदलून मागितली, आणि नेमक्या त्या क्षणी शिक्षिकेने फळ्यावर टेक्सासमधील सॅन अँटोनिओ शहराचे 1967-68 चे खरे आकडे लिहिले. एजवूड या गरीब भागात मालमत्तेच्या दर 100 डॉलरमागे 1.05 डॉलर कर होता आणि त्यातून विद्यार्थ्यामागे 26 डॉलर जमत. त्याच परिसरातील श्रीमंत अलामो हाइट्समध्ये दर केवळ 85 सेंट असूनही विद्यार्थ्यामागे 333 डॉलर जमत. राज्य आणि केंद्राची मदत मिळवल्यानंतरही एजवूडच्या मुलामागे 356 आणि अलामो हाइट्सच्या मुलामागे 594 डॉलर, अशी तफावत उरतच होती. जास्त दराने कर भरणाऱ्याच्या पदरात कमी पडते, ही गोष्ट चौथीतल्या मुलाला कोणत्याही भाषणाविना कळली, याचे श्रेय या खेळाच्या रचनेला द्यायला हवे.

पुढची गोष्टही नेटकी सांगितली गेली. एजवूडमधील डेमेट्रिओ रॉड्रिग्ज आणि इतर पालकांनी 1968 मध्ये दावा दाखल केला आणि 1973 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी तो फेटाळला. शिक्षण हा त्यांच्या संघराज्याच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, हे त्यामागचे एक महत्त्वाचे कारण होते. याच ठिकाणी शिक्षिकेने आपल्या संविधानातील अनुच्छेद 21क मोठ्याने वाचायला लावला. 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या या अनुच्छेदामुळे 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क मिळाला, आणि त्यासाठीचा 2009 चा शिक्षण हक्क कायदा (आरटीई) 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. टेक्सासच्या पालकांनी हार न मानता पुढे राज्याच्या घटनेचा आधार घेतला आणि 1989 मध्ये टेक्सासच्याच सर्वोच्च न्यायालयात एकमताने निकाल मिळवला, हेही मुलांना सांगितले गेले. पराभवानंतरची ही सोळा वर्षे गाळली असती, तर गोष्ट खोटी ठरली असती.

माझी मुख्य तक्रार येथून सुरू होते. अमेरिकेतील हिशेब इतका स्पष्ट मांडल्यावर आपल्याकडचा हिशेब मांडलाच गेला नाही, आणि धरमपेठेचा मालमत्ता कर धरमपेठेतल्याच शाळांना मिळतो असा समज घेऊन निदान काही मुले तरी घरी गेली असावीत. आपल्याकडे तसे नाही. अनुदानित शाळांतील शिक्षकांचे वेतन राज्य देते, समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या केंद्रीय योजनेत महाराष्ट्रासाठी केंद्र आणि राज्य यांचा वाटा 60 आणि 40 टक्के असतो, आणि अन्यायाच्या जागाही निराळ्या आहेत : अनुदानित, अंशतः अनुदानित आणि विनाअनुदानित ही उतरंड, किंवा पटसंख्येच्या टप्प्यांवर ठरणारे, शाळेच्या वार्षिक किरकोळ खर्चासाठीचे संयुक्त शाळा अनुदान. या योजनेच्या निकषांनुसार 100 च्या वर 250 पर्यंत पट असल्यास वर्षाला 50,000 रुपये आणि 250 च्या वर 1,000 पर्यंत पट असल्यास 75,000 रुपये मिळतात. म्हणजे 240 मुलांच्या शाळेत मुलामागे सुमारे 208 रुपये, 260 च्या शाळेत सुमारे 288 आणि 900 च्या शाळेत जेमतेम 83 रुपये पडतात. पाचवीच्या मुलांना हा भागाकार सहज जमला असता, आणि मोठ्या शाळेला मुलामागे कमी पुरते की लहान शाळेला वीज आणि खडूचा ठरावीक खर्च जड जातो, यावर खरा वाद रंगला असता.

दुसऱ्या दिवशीचे अभिरूप न्यायालय रंगले खरे. विषय अलीकडचाच होता : सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असल्यास खासगी विनाअनुदानित शाळेला आरटीईखाली दुर्बल आणि वंचित घटकांतील मुलांसाठी राखीव असलेल्या 25 टक्के जागांतून सूट देणारी महाराष्ट्र शासनाची 9 फेब्रुवारी 2024 ची अधिसूचना. मुंबई उच्च न्यायालयाने त्या वर्षी मे महिन्यात तिला स्थगिती दिली आणि 19 जुलैला ती रद्द केली. या जागांचा खर्च शासनाने शाळांना परत द्यायचा असल्याने हा विषय पैशाचाही आहे, हा दुवा आयोजकांनी चांगला पकडला. शासनाची बाजू मांडणाऱ्या मुलीने, शेजारीच सरकारची शाळा असताना दुसऱ्याच्या शाळेला पैसे का द्यायचे, असा युक्तिवाद इतक्या ठामपणे केला की न्यायाधीश झालेली मुले काही वेळ निरुत्तर झाली. विरुद्ध बाजूलाही खरे वजन देण्याचा हा प्रामाणिकपणा मला विशेष आवडला.

तिसऱ्या दिवशी सर्व शाळांमध्ये स्वच्छतागृहे आणि पिण्याचे पाणी सहा महिन्यांत पुरवावे, हा सर्वोच्च न्यायालयाचा ऑक्टोबर 2012 चा आदेश सांगितला जात असताना एका मुलाने विचारले, "मॅडम, मग आमच्या शाळेतल्या संडासाले पाणी काऊन नाही?" यावर प्रशिक्षिकेने हसून पुढचा विषय घेतला. तीन दिवसांतला सर्वांत उपयोगी प्रश्न असा हातचा घालवायला नको होता. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे आपल्याकडे म्हणतात; ती भीती मोडण्याच्या उत्साहात आयोजकांनी मुलांना थेट याचिकेच्या पायरीवर नेऊन उभे केले आणि खालच्या पायऱ्या दाखवल्याच नाहीत. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळेचा विकास आराखडा तीच तयार करते. आरटीई कायद्याच्या कलम 32 प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, तिच्यावर तीन महिन्यांत निर्णय व्हावा लागतो आणि त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. अनुदान कशावर खर्च झाले, हे मुलाच्या पालकाला 10 रुपयांच्या शुल्कात माहिती अधिकाराखाली विचारता येते. त्या मुलाच्या प्रश्नावरून एक अर्ज वर्गातच लिहून घेता आला असता.

बाकी व्यवस्था ठीक होती. कूलर चालू होते, पुस्तिकेतील मराठी स्वच्छ होते, चित्रे मात्र कंटाळवाणी होती. शुल्क भरून आलेली आणि विनाशुल्क आलेली मुले गटांत मिसळलेली राहतील याची पहिल्या दिवशी घेतलेली काळजी तिसऱ्या दिवशी सुटली आणि मुले आपापल्या ओळखीच्यांजवळ जाऊन बसली.

चौथी-पाचवीच्या मुलांना पाठवायला हरकत नाही, 900 रुपये वाया जात नाहीत. तिसरीच्या मुलांना दुसरा दिवस झेपत नाही. आयोजक दिवाळीच्या सुट्टीत पुढची तुकडी घेणार आहेत. नाव नोंदवण्यापूर्वी, महाराष्ट्रातील अनुदानाचा हिशेब आणि कलम 32 चा अर्ज या वेळी शिकवणार का, एवढे पालकांनी जरूर विचारून घ्यावे.